मोरी भिंतीशीं कीं मध्यभागीं?

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' ही म्हण रूढ झाली त्या काळीं घर बांधणाऱ्यापुढें प्रश्न असत ते वाशांचे, कौलांचे आणि दाराच्या दिशेचे. आजच्या सुशिक्षित कुटुंबापुढें एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. स्वयंपाकघराच्या मधोमध, चारी बाजूंनीं मोकळा असा एक ओटा बांधण्याची रीत परदेशांतून आली आहे. पाश्चात्यांनीं या ओट्याला बेटाचें नांव दिलें आहे, आणि तें समर्पकही आहे. कारण भोंवतालच्या कोणत्याही भिंतीशीं त्याचा संबंध नसतो. या मधल्या ओट्यावर भाजी चिरावी, कणीक मळावी, मुलांनीं त्याच्याशीं बसून न्याहारी करावी, याविषयीं कोणाचा वाद नाहीं. वाद आहे तो एवढाच कीं, घरांतील मुख्य सिंक, म्हणजे जुन्या भाषेंतील मोरी, त्या ओट्यांत बसवावी कीं पूर्वींप्रमाणें भिंतीशीं ठेवावी?

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु घरांत पाणी कोणत्या वाटेनें यावें आणि कोणत्या वाटेनें जावें, हा मनुष्याच्या संसारांतील फार जुना प्रश्न आहे. आणि मोरीची जागा हें त्याचेंच उत्तर होय. तें उत्तर चित्रांच्या पुस्तकावरून ठरविण्यापेक्षां पाण्याच्या इतिहासावरून ठरविणें अधिक शहाणपणाचें. या इतिहासाचा आरंभ पाहावयाचा तर पुण्यामुंबईहून दूर, हेमलकशाच्या अरण्यांत जावें लागतें.

हेमलकसा हें गांव भामरागड तालुक्यांत आहे. हा मुलूख पूर्वीं चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यांत मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हां तो त्यांत गेला. भामरागडापाशीं इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. साग आणि बांबू यांनीं भरलेल्या या प्रदेशांत माडिया गोंडांची वस्ती आहे. बांबूच्या तट्ट्या विणून त्यांवर माती लिंपावी, आणि तींच घराच्या भिंती व्हाव्या, अशी तेथील जुनी बांधणी. अशा घरांत चूल होती, परंतु मोरी नव्हती. नदीवर, नाल्यावर किंवा वाळूंत उकरलेल्या झऱ्यावर जावें, डोक्यावर घागर घेऊन यावें आणि तेंच पाणी दिवसभर पुरवावें, असा क्रम होता. वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा पाणी किंवा आंबील नेण्याच्या कामीं येई. आंघोळ, धुणें इत्यादि जीं कामें पाण्याची नासाडी करणारीं, तीं प्रवाहावरच उरकलीं जात. घरांत येई तें केवळ पिण्याचें व शिजविण्याचें पाणी. सांडपाण्याचा प्रश्न घराच्या आंत उद्भवतच नसे.

हा क्रम केवळ माडियांचा नव्हे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें उत्खनन केलें. तेथें तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें उघडकीस आलीं. त्या घरांतून चुली सांपडल्या, धान्य सांठविण्याच्या जागा सांपडल्या. पाण्यासाठीं त्यांना नदी होती. विस्तव घरांत आणि पाणी घराबाहेर, ही मानवी गृहरचनेची पहिली पायरी म्हटली पाहिजे. घरोघरीं मातीच्या चुली असतात असें आपण म्हणतो; घरोघरीं मोऱ्या असतात असें कोणीच म्हणत नाहीं, याचें कारण हेंच आहे.

पाणी घरांत आणण्याचें धाडस प्रथम नगरांनीं केलें. सिंधूच्या खोऱ्यांतील मोहेंजोदडो येथें साडेचार हजार वर्षांपूर्वीं पुष्कळ घरांतून भाजलेल्या विटांची स्नानाची जागा बांधलेली होती. ही जागा बहुधा रस्त्याकडील भिंतीस लागून असे, आणि तिचें पाणी भिंतींतून थेट रस्त्याच्या झांकलेल्या गटारांत उतरे. त्या गवंड्यांनीं जो नियम पाळला तो असा: पाणी घरांत कोठेंही वापरावें, परंतु वापरलेलें पाणी कमींत कमी वाट चालून घराबाहेर पडलें पाहिजे. पुढील सर्व इतिहास हा याच नियमाचा विस्तार आहे, आणि जेथें जेथें हा नियम मोडला तेथें तेथें घरच्यांना त्रास सोसावा लागला आहे.

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांत हाच नियम निराळ्या रूपानें दिसतो. पुढें ओसरी, मध्यें माजघर आणि मागें स्वयंपाकघर. त्याच्याहि मागें परसदार, आड व न्हाणी. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजहून पुण्यास नळानें पाणी आणलें गेलें आणि शहरांत जागोजागीं हौद झाले. तरी पाणी वाड्यांत आलें तें हौदापर्यंत. स्वयंपाकघरांत तें कळशीनें, बाईच्या कमरेवरूनच आलें. तेथें त्याच्या दोन जागा होत. सोंवळ्यांतील, पिण्याचें पाणी तांब्याच्या हंड्यांत, चुलीच्या जवळ आणि घराच्या अंतर्भागीं. खरकटीं भांडीं मात्र मागच्या दारीं, राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासावयाचीं. मोरीचें पाणी परसांत जाई आणि त्यावर अळू, केळ आणि कर्दळ पोसली जाई. सोंवळ्याओंवळ्याच्या कल्पनेंत पुढें पुष्कळ अन्याय शिरला व तो टाकून देणेंच योग्य झालें. परंतु शुद्ध पाणी आंत आणि खरकटें पाणी कडेला, ही विभागणी आरोग्याच्या दृष्टीनें चुकीची नव्हती.

मुंबईनें ही विभागणी मोडली. विहार तलावाचें पाणी १८६० सालीं शहराला मिळूं लागलें, आणि १८९२ मध्यें तानसाचें पाणी आलें. नळ आला म्हणजे पाणी मुबलक आलें. पण जितकें पाणी आंत येतें तितकेंच बाहेर गेलें पाहिजे, या साध्या हिशेबाकडे दुर्लक्ष झालें. दाट वस्तीच्या चाळींना परस नव्हतें. घरांमधल्या अरुंद गल्ल्यांतून सांडपाणी तुंबून राही. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग उद्भवला तेव्हां सरकारनें प्रथम गटारें धुवून काढण्याचीच मोहीम हातीं घेतली. प्लेग हा उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, हें पुढें सिद्ध झालें, आणि गटारांवरील आरोप त्यापुरता खोटा ठरला. तरी त्या संकटानंतर १८९८ मध्यें स्थापन झालेल्या शहर सुधारणा मंडळानें उजेड, वारा आणि निचरा यांचा विचार घरबांधणींत आणला, हा लाभ लहान नव्हता. चाळींतील खोलींत मोरी कोपऱ्यांतच राहिली. एका हातावर चूल, दुसऱ्या हातावर मोरी आणि मध्यें निजण्याची जागा, असा लाखों कुटुंबांचा संसार त्या कोपऱ्याच्या आधारानें झाला.

बसून करावयाचा स्वयंपाक उभा राहिला तो पुढें, स्टोव्ह व नंतर गॅस घरोघर आल्यावर. चुलीपुढें पाटावर बसणारी गृहिणी कडप्प्याच्या ओट्यापुढें उभी राहिली, आणि तिच्या पायापाशीं असलेली मोरी वर येऊन ओट्याच्या पातळीस बसली. हेंच आजचें सिंक होय. खरकटें घासण्याची जागा आणि भाजी धुण्याची जागा या दोन्ही त्या वेळीं एक झाल्या. ही घटना नीट लक्षांत ठेवली पाहिजे. कारण मधल्या ओट्यांत सिंक आणतांना केवळ पाण्याचा नळ मध्यभागीं येत नाहीं, त्याच्याबरोबर खरकट्याची रासहि मध्यभागीं येते.

पाश्चात्य देशांत याच सुमारास स्वयंपाकघराचें शास्त्र बनत होतें. अमेरिकेंत १८६९ सालीं कॅथरिन बीचर आणि तिची बहीण हॅरिएट बीचर स्टो यांनीं गृहव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला, आणि पीठ, पाणी व सिंक हीं हाताच्या अंतरावर असावींत असें मांडलें. १९१३ सालीं ख्रिस्तीन फ्रेडरिक या बाईनें कारखान्यांतील कामाच्या मोजमापाची रीत घरांत आणून, गृहिणीचीं पावलें मोजलीं. १९२६ मध्यें फ्रांकफुर्ट शहरांत मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या स्त्री-स्थापत्यविशारदेनें कामकऱ्यांच्या घरांसाठीं सुमारें १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असें स्वयंपाकघर आंखलें. तशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. या रचनेंत प्रत्येक हालचालीचा हिशेब होता. परंतु तिच्यावर एक आक्षेप पुढें घेतला गेला, तो विचार करण्याजोगा आहे. त्या चिंचोळ्या खोलींत एकच बाई मावे. कामाचीं पावलें वांचलीं, पण काम करणारी घरच्या माणसांपासून तुटली.

मधल्या ओट्याच्या मागें हीच वेदना आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत स्वयंपाकघर व बैठकीची खोली यांमधील भिंत पाडली जाऊं लागली, आणि काम करणाऱ्याचें तोंड भिंतीकडून माणसांकडे फिरविण्यासाठीं मधला ओटा पुढें आला. म्हणून त्यास केवळ फॅशन म्हणून हिणविणें न्यायाचें होणार नाहीं. महाराष्ट्रांतील किती तरी स्त्रियांनीं आपल्या आयुष्याचीं वर्षें भिंतीकडे तोंड करून काढलीं आहेत. बाहेर गप्पा चालाव्या, हंसणें ऐकूं यावें, आणि आपण मात्र पाठमोरें उभें राहून भांडीं विसळावींत, ही गोष्ट नित्याची म्हणून कोणाला खुपली नाहीं, एवढेंच. सिंकाशीं सर्वांत अधिक वेळ उभें राहावें लागतें. तेव्हां तोंड फिरवावयाचें तर सिंकच फिरविलें पाहिजे, हा युक्तिवाद बळकट आहे.

आतां दुसरी बाजू. तिचें मूळ मनुष्याच्या मनांत नसून पाण्याच्या स्वभावांत आहे. सिंकाखालीं पाईपाला जो वांक दिलेला असतो त्यांत नेहमीं दोनतीन इंच पाणी अडून राहतें, आणि त्या पाण्याच्या पडद्यामुळें गटाराची दुर्गंधी घरांत येत नाहीं. या युक्तीचें पहिलें पेटंट १७७५ सालीं अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें घेतलें. परंतु पाण्याचा मोठा लोट पाईप भरून वाहूं लागला म्हणजे मागें ओढ निर्माण होते, आणि वांकांतील पाणी ओढलें जाऊन पडदा रिता होतो. तें टाळण्यासाठीं पाईपाला हवेचा मार्ग ठेवावा लागतो. भिंतीशीं असलेल्या सिंकाचा हा मार्ग भिंतीवरून सरळ छपरावर नेतां येतो. मधल्या ओट्याजवळ भिंतच नसल्यामुळें हवेचा पाईप ओट्याच्या पोटांत शक्य तितका वर नेऊन, पुन्हां खालीं वळवून, जमिनीखालून भिंतीपर्यंत न्यावा लागतो. हें अशक्य नाहीं. परंतु हें माहीत असलेला नळकामाचा कारागीर मिळेलच असा भरंवसा नाहीं.

दुसरी अडचण उताराची. सांडपाण्याच्या पाईपाला दर फुटास पाव इंच उतार द्यावा अशी रीत आहे. मधला ओटा भिंतीपासून बारा फूट दूर असेल, तर तीन इंच उतार लागेल. तळमजल्यावर फरशीखालीं तो मिळूं शकतो. वरच्या मजल्यावर मात्र एकतर आपली जमीन उंच करावी लागते, नाहीं तर पाईप खालच्या शेजाऱ्याच्या छताला लोंबतो. उतार कमी पडला तर तूप, तेल आणि भाताचीं शितें त्या आडव्या पाईपांत थिजून बसतात. मराठी स्वयंपाकांत कुकर, कढई, परात, पोळपाट, तवा आणि माणशीं ताटवाटी असा भांड्यांचा पसारा दोन्ही वेळां पडतो. भिंतीशीं असतां जो पसारा दृष्टीआड राहतो, तो मध्यभागीं पाहुण्यांच्या समोर मांडला जातो. पाण्याचे शिंतोडे अडविण्यास मागें भिंतहि नसते.

हेमलकशास या दोन्ही बाजू तोलून पाहिल्या म्हणजे निकाल स्पष्ट होऊं लागतो. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलें, आणि त्यांच्याच प्रेरणेनें २३ डिसेंबर १९७३ रोजीं हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्यानें तेथें दवाखाना चालविला. १९७६ मध्यें निवासी शाळा निघाली. आरंभींचीं कित्येक वर्षें तेथें वीज नव्हती. पावसाळ्यांत पर्लकोटेचें पाणी चढलें कीं भामरागडचा बाह्य जगाशीं संबंध तुटे. आणि आजहि मोठ्या पुरांत ही आपत्ति ओढवते. या दांपत्याच्या कार्याचा २००८ सालीं मॅगसेसे पुरस्कारानें गौरव झाला, तो अशा परिस्थितींतून उभें राहिल्यामुळें.

अशा गांवीं घर बांधावयाचें तर काय करावें? जागेची टंचाई नाहीं, घर एकमजली, फरशीखालून पाईप नेण्यास कोणाची हरकत नाहीं. केवळ बांधकामाच्या दृष्टीनें पाहिलें तर मुंबईच्या सदनिकेपेक्षां हेमलकशासच मधल्या ओट्यांतील सिंक अधिक सोपें. पण घर एकदां बांधून संपत नाहीं. तें रोज चालवावें लागतें. आषाढांत फरशीखालचा पाईप तुंबला, रस्ता पुरानें बंद झाला, आणि कारागीर नदीच्या पलीकडे राहिला, तर ती फरशी कोण फोडणार? भिंतीशीं सिंक असेल तर बाहेरच्या अंगास पाईपाचें तोंड उघडून घरचें माणूसच बांबूची कामटी घालून तें मोकळें करूं शकतें. शिवाय गटारांचें जाळें नाहीं तेथें सांडपाणी शोषखड्ड्यांत किंवा परसबागेंत सोडावें लागतें. तें दूर नेतांना कोठें गळलें व सांचलें, तर त्यांत डांसांची वाढ होते. १८७७ मध्यें पॅट्रिक मॅन्सन यांनीं हत्तीरोगाच्या जंतूंचा डांसांशीं असलेला संबंध दाखविला. त्या रोगाचा डांस घाण पाण्यांतच वाढतो, आणि विदर्भाचा हा भाग त्या रोगानें पीडिलेला आहे. जमिनीखालीं न दिसणारी गळती ही अशा ठिकाणीं केवळ गैरसोय नव्हे, तो धोका आहे.

आणखी एक गोष्ट हेमलकसा शिकवितो. जेथें पाणी डोक्यावरून आणावें लागतें, तेथें त्याचा प्रत्येक तांब्या कोणाच्या तरी मानेनें तोललेला असतो. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, हें तेथील लहान मुलीसहि कळतें. नळाच्या शहरांत तें ओझें दिसेनासें झालें, म्हणून तें नाहींसें झालें असें नव्हे. पाणी वाहणारी गेली आणि भांडीं घासणारी राहिली. तेव्हां मोरीची जागा ठरवितांना पहिला कौल तिथें रोज उभ्या राहणाऱ्या व्यक्तीचा घ्यावा. मग ती घरची असो वा कामास येणारी असो. घराचा आराखडा पुरुषानें व कंत्राटदारानें बैठकींत बसून संमत करावा, आणि त्याचे परिणाम दुसऱ्या कोणीं तीस वर्षें उभ्यानें भोगावेत, ही रीत आतां पुरे झाली.

यावरून एक व्यवहार्य निर्णय निघतो. मुख्य सिंक बाहेरच्या भिंतीशीं, खिडकीखालीं ठेवावें. खिडकीनें तोंड अंधाऱ्या भिंतीकडे राहत नाहीं, उजेड येतो, ओल वाळते, आणि पाण्याला बाहेर जाण्यास जवळची वाट मिळते. मधला ओटा करावयाचाच असेल तर तो कोरड्या कामासाठीं असावा. निवडणें, चिरणें, लाटणें हीं कामें माणसांत बसून करण्याचीच आहेत, आणि त्यांना निचऱ्याची गरज नाहीं. सिंक, शेगडी आणि धान्यभाज्यांची जागा यांच्यांतील तीन अंतरांची बेरीज तेरा ते सव्वीस फूट असावी, हा अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झालेला ठोकताळाहि या रचनेंत सहज पाळला जातो. ज्यांच्याजवळ जागा आणि पैसा आहे त्यांनीं मधल्या ओट्यांत केवळ भाजी व हात धुण्यापुरतें लहान सिंक घ्यावें. खरकटें तेथें नेऊं नये. आणि मुख्य सिंक मध्येंच पाहिजे असा घरच्या बाईचा आग्रह असेल, तर फरशी बसण्यापूर्वींच पाईपाचा उतार, हवेचा मार्ग व तो साफ करण्याचें तोंड, हीं तीन स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून घ्यावींत.

भिंत पाडल्यानें माणसें जवळ येतात हें खरें. परंतु भांडीं घासणारीच्या शेजारीं दुसऱ्या कोणीं फडकें घेऊन उभें राहिलें, तर भिंत न पाडतांहि तीं जवळ येतात, आणि त्यासाठीं फरशी उकरावी लागत नाहीं.